हलकी मशीनगन : एका यंत्राची जडणघडण

गेल्या हिवाळ्यात नववी व दहावीच्या विद्यार्थ्यांस घेऊन आम्ही पन्हाळ्यास गेलो होतो. कोल्हापूरकरांस पन्हाळा म्हणजे घरामागचे परसूच. तथापि वर्गासमवेत गेले म्हणजे तोच गड निराळा दिसतो, ह्याचा अनुभव प्रत्येक शिक्षकास असेल. तीन दरवाजा पाहून झाला, अंबरखान्याच्या गंगा, यमुना व सरस्वती ह्या कोठारांत शिरून मुलांनी आपापल्या आवाजाचे प्रतिध्वनी ऐकून घेतले, आणि अखेर सज्जा कोठीजवळच्या तटावर आम्ही सर्व विसाव्यास बसलो. खाली खोरे पसरले होते. सन १६६० च्या मार्चपासून सुमारे चार महिने सिद्दी जौहराच्या फौजेने शिवाजी महाराजांस ह्याच गडावर कोंडून धरले होते, हे आम्ही सांगत होतो, इतक्यात दहावीतील एक विद्यार्थी उभा राहिला व म्हणाला, "सर, त्या वेळी ह्या तटावर एकच मशीनगन असती, तर वेढा किती दिवस टिकला असता?"

सर्वांस हसू आले. "एक दिवस!" असे कोणी मागून ओरडले. आम्हांसही हसू आले, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. "ह्याचे उत्तर शाळेच्या वार्षिक अंकात देऊ," असे वचन आम्ही त्या मुलास दिले. ते येथे पुरे करीत आहोत.

लिहावयास बसण्यापूर्वी हा विषय आम्ही एका पालकांजवळ सहज बोललो. ते काहीसे नाराज झाले. सकाळच्या प्रार्थनेत शेजाऱ्यावर प्रीती करावी असे शिकवावयाचे आणि दुपारी त्याच मुलांस मशीनगनीची रचना समजावून द्यावयाची, हे एका तोंडाने कसे शोभते, असा त्यांचा सवाल होता. सवाल रास्त आहे. आमचे म्हणणे इतकेच, की मुले हे यंत्र चित्रपटांत आणि मोबाईलवरील खेळांत रोज पाहतात. तेथे त्यास वजन नसते, त्याची नळी तापत नाही, काडतुसे संपत नाहीत. खोटे यंत्र त्यांस ठाऊक आहे. खरे काय असते ते कोणी तरी सांगावयास नको काय?

आता मूळ विषयाकडे वळू. गडाच्या तटावर पूर्वी तीन जातींची अग्निशस्त्रे असत. मोठी तोफ एकदा बुरुजावर चढविली म्हणजे तेथेच राही. हातातील बंदूक कोठेही नेता येई, पण तिचा मारा थोडा. ह्या दोहोंच्या मध्ये जेजाल असे. ही लांब नळीची, टेकू देऊन उडवावयाची जड बंदूक. उंटाच्या पाठीवर बसविलेल्या लहान तोफेस जंबुरा म्हणत. मारा पुष्कळ हवा आणि ओझे थोडे हवे, ह्या दोन मागण्यांचे भांडण इतके जुने आहे. हलकी मशीनगन हा त्याच भांडणाचा विसाव्या शतकातील निवाडा होय.

सन १८६२ मध्ये रिचर्ड गॅटलिंग ह्या अमेरिकन गृहस्थाने अनेक नळ्यांची, हाताने दांडा फिरवून चालवावयाची बंदूक काढली. ती शीघ्र चाले, पण दांडा फिरविणाऱ्या मनुष्याच्या हातावर तिचे सारे अवलंबून होते. खरी स्वयंचलित बंदूक ती नव्हे. तो मान सन १८८४ मध्ये हिराम मॅक्सिम ह्यास मिळाला. हाही जन्माने अमेरिकन, पण लंडनास येऊन राहिलेला. बंदूक उडविली की ती खांद्यास धक्का देते हे प्रत्येक शिकाऱ्यास ठाऊक होते. हा धक्का म्हणजे फुकट जाणारी शक्ती आहे, तिच्याकडून काम का करून घेऊ नये, हा विचार मॅक्सिमचा. धक्क्याने नळी मागे येते, मागे येताना रिकामे टरफल बाहेर फेकते, स्प्रिंग दाबते, आणि स्प्रिंग उलटून नवे काडतूस नळीत सारते. चाप दाबून धरला की हे चक्र मिनिटास सुमारे सहाशे वेळा फिरते. उतारवयात मॅक्सिम जवळजवळ बहिरा झाला होता. आपल्याच यंत्राचा आवाज त्याने आयुष्यभर ऐकला, त्याची ही किंमत.

परंतु इतक्या वेगाने स्फोट होऊ लागले की नळी तापते. म्हणून मॅक्सिमने नळीभोवती पाण्याचे नळकांडे बसविले. मॅक्सिमच्याच वंशातील व्हिकर्स बंदूक सन १९१२ मध्ये ब्रिटिश सैन्यात आली. तिच्या नळकांड्यात सुमारे चार लिटर पाणी मावे आणि एकसारखा मारा चालू ठेवला तर तीनेक मिनिटांत ते उकळू लागे. बंदूक, तिवई व पाणी मिळून ओझे सुमारे ४० किलो; शिवाय २५० काडतुसांचे कापडी पट्टे निराळे. अशी बंदूक खंदकात बसवून शत्रूची वाट पाहावयास उत्तम. पण ती उचलून धावत्या शिपायांबरोबर पुढे नेणे अशक्य.

पहिले महायुद्ध सन १९१४ मध्ये सुरू झाले तेव्हा पायदळाच्या प्रत्येक पलटणीपाशी अशा दोनच बंदुका होत्या. पुढे काय झाले ते १ जुलै १९१६ ह्या एका दिवसाच्या आकड्यांवरून समजेल. फ्रान्समध्ये सोम नदीच्या काठी ब्रिटिश पायदळ खंदकांतून बाहेर पडले, आणि सूर्यास्तापूर्वी त्यांपैकी सुमारे ५७,००० मनुष्ये मृत, जखमी किंवा बेपत्ता झाली; एकोणीस हजारांहून अधिक मेली. तोफांनीही पुष्कळ मारली, पण उघड्या मैदानात चालत जाणाऱ्या रांगा मशीनगनींनी गवतासारख्या कापल्या. बसलेल्यापाशी मशीनगन आणि चालणाऱ्यापाशी केवळ बंदूक, असा तो विषम सामना होता. चालणाऱ्याच्या हातीही काही द्यावे, ही निकड तेथे रक्ताने लिहिली गेली.

तसे पाहता हलकी मशीनगन तोवर जन्मास आलेली होती. डेन्मार्कमधील मॅडसन ही बंदूक सन १९०२ च्या सुमारासची. वजन अवघे नऊ किलोंच्या आसपास, पाण्याची गरज नाही, वरून वाकडे मॅगझिन बसविलेले. रशियाने जपानशी झालेल्या युद्धात ती वापरली. यंत्र गुंतागुंतीचे, घडविण्यास महाग, पण इतके टिकाऊ, की ब्राझीलमधील पोलिसांपाशी ते एकविसाव्या शतकातही दिसत होते. ह्याच्या उलट उदाहरण फ्रान्सच्या शोशा बंदुकीचे. सन १९१५ मध्ये घाईघाईने, स्वस्तात आणि लाखोंच्या संख्येने ती काढली. तिच्या अर्धचंद्राकृती मॅगझिनच्या बाजूस मोठी उघडी भोके होती, आतील काडतुसे किती उरली ते दिसावे म्हणून! खंदकांतील चिखल त्या भोकांतून आत जाई आणि बंदूक अडे. कागदावर सोयीचे वाटलेले एक भोक किती शिपायांस भोवले असेल, ह्याची मोजदाद कोणी केलेली नाही.

ब्रिटिश व हिंदी सैन्याच्या हाती आली ती लुइस बंदूक. अमेरिकन सैन्यातील कर्नल आयझॅक न्यूटन लुइस ह्याने सॅम्युएल मॅक्लीन ह्याच्या मूळ कल्पनेवर सन १९११ च्या सुमारास ती उभी केली. स्वदेशातील शस्त्रखात्याने तिची कदर केली नाही, म्हणून लुइस युरोपास गेला. सन १९१३ मध्ये बेल्जियमने ती पत्करली आणि बर्मिंगहॅम येथे ती मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागली. नळीवर जाडजूड आवरण, आत ॲल्युमिनियमच्या पंखासारख्या पट्ट्या, हवेच्या झोताने नळी थंड व्हावी अशी योजना, आणि डोक्यावर ४७ काडतुसांची थाळी. वजन तेरा किलोंच्या आत. चार वर्षांपूर्वी दोन मशीनगनींवर भागविणाऱ्या पलटणीपाशी सन १९१८ मध्ये तीसाहून अधिक लुइस बंदुका होत्या. हिंदी रिसाल्याच्या वाट्यास हॉचकिस ही दुसरी एक हलकी बंदूक आली.

येथे थोडे गणित करू. विद्यार्थी मित्रांनी पाटी-पेन्सिल घ्यावी. त्या काळच्या .३०३ काडतुसाची गोळी सुमारे ११.३ ग्रॅमची व तिचा वेग सेकंदास सुमारे ७४४ मीटर. दोहोंचा गुणाकार सुमारे ८.४ येतो. न्यूटनच्या तिसऱ्या नियमान्वये तितकाच संवेग उलट दिशेने बंदुकीस मिळतो; स्फोटाच्या वायूचा वाटा तूर्त बाजूस ठेवू. बंदूक ४ किलोची असेल तर ती सेकंदास २.१ मीटर वेगाने खांद्यावर आदळेल. १० किलोची असेल तर ०.८४ मीटर वेगाने. हा धक्का एकदा बसावयाचा असता तर कोणीही सोसला असता, पण येथे तो सेकंदास आठ-नऊ वेळा बसावयाचा आहे. म्हणजे बंदूक फार हलकी केली तर ती हातात राहत नाही, आणि फार जड केली तर ती रानातून नेता येत नाही. निरनिराळ्या देशांच्या हलक्या मशीनगनींचे वजन नऊ ते तेरा किलोंच्या आसपासच का फिरत राहिले, ह्याचे मर्म ह्यात पुष्कळसे आहे.

ह्यानंतर आपल्या देशाशी निकटचा संबंध असलेली बंदूक येते. आंद्रे बर्तिए हा फ्रेंच गृहस्थ अल्जीरियातील एका रेल्वे कंपनीच्या नोकरीत होता. लष्करी हुद्दा नाही, शस्त्रशाळेतील शिक्षण नाही. परंतु ह्याने आखलेली घोडेस्वारांची बंदूक फ्रान्सने सन १८९० मध्ये स्वीकारली होती. (रेल्वेच्या कचेरीत बसून हा मनुष्य काय काय रेखाटत असे, हे त्याच्या वरिष्ठांस ठाऊक होते की नाही, कोण जाणे.) त्यानेच पहिल्या महायुद्धापूर्वी एका हलक्या मशीनगनीची कल्पना मांडली. ती बरीच वर्षे तशीच पडून राहिली. सन १९२५ मध्ये इंग्लंडच्या व्हिकर्स कंपनीने तिचे हक्क घेतले, क्रेफर्ड येथील कारखान्यात तिच्यावर सुधारणा केल्या, आणि ती व्हिकर्स-बर्तिए ह्या जोडनावाने ओळखली जाऊ लागली. आपल्या शिपायांनी त्या लांबलचक नावाचे 'वीबी' करून टाकले.

वीबीमध्ये मॅक्सिमप्रमाणे धक्क्याचा नव्हे, वायूच्या दाबाचा उपयोग केला होता. ही युक्ती कोल्हापूरच्या मुलास समजावणे सोपे. उद्यमनगरात ज्याने ऑईल इंजिनाचा दट्ट्या पाहिला, त्याने अर्धी मशीनगन पाहिलीच. नळीच्या खालच्या अंगास एक बारीक भोक असते. गोळी ते ओलांडून पुढे गेली की तिच्या पाठीमागच्या तप्त वायूपैकी थोडासा त्या भोकातून खालच्या नळकांड्यात शिरतो व तेथील दट्ट्यास मागे रेटतो. दट्ट्याबरोबर बोल्ट मागे येतो, टरफल बाहेर पडते, स्प्रिंग दाबली जाते; मग स्प्रिंग सर्वांस पुढे ढकलते आणि वाटेत मॅगझिनमधील पुढचे काडतूस नळीत जाते. प्रश्न इतकाच, की स्फोटाच्या क्षणी बोल्ट घट्ट बंद हवा, नाहीतर वायू मागे फुटून बंदूक उडविणाऱ्याचेच तोंड भाजावयाचे. ह्यासाठी बोल्टचे मागचे टोक किंचित वर उचलून बंदुकीच्या पेटीतील खाचेस अडते. जणू दाराला अडसर लागतो. दट्ट्या काही अंतर मागे सरकल्यावरच अडसर निघतो. तोवर गोळी नळीबाहेर गेलेली असते. एक सेकंदाचा किती लहान अंश हा! पण साऱ्या यंत्राची विश्वासार्हता त्या अंशावर तोललेली आहे.

पाणी नाही, पंखांचे आवरणही नाही, मग नळी तापते त्याचे काय? उत्तर अगदी घरगुती आहे: तापलेली नळी काढावी व दुसरी लावावी. तव्यावरची भाकरी करपू लागली म्हणजे तवा गार होण्याची वाट न पाहता दुसरा तवा चढवावा, तसेच. मॅगझिन ३० काडतुसांचे, वरून बसणारे आणि वाकडे. वाकडे का, हे पुष्कळजण विचारतात. .३०३ काडतुसाच्या बुडाशी कड असते, म्हणून ते बुडाकडे जाड व तोंडाकडे बारीक. अशी काडतुसे एकावर एक रचली की रास आपोआप वाकते, केळ्याच्या फण्यासारखी. शिवाय वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे अडकली की बंदूक ठप्प. म्हणून मॅगझिन भरणे हे घाईचे काम नव्हते.

सन १९३३ मध्ये हिंदी सैन्याने वीबी स्वीकारली आणि बंगालमधील इशापूरच्या रायफल कारखान्यात ती तयार होऊ लागली. ब्रिटिश सैन्याने मात्र निराळी वाट धरली. चेकोस्लोव्हाकियातील ब्रनो येथे वाक्लाव होलेक ह्याने आखलेली बंदूक त्यांच्या कसोट्यांत सरस ठरली, तिला.३०३ काडतुसासाठी बदलून, ब्रनो व एन्फील्ड ह्या दोन गावांच्या आद्याक्षरांवरून 'ब्रेन' असे नाव दिले. तिची निवड सन १९३५ मधील, आणि एन्फील्डमधून पहिली ब्रेन बाहेर पडली ती सन १९३७ मध्ये. म्हणजे ब्रेनच्या कसोट्या चालू होत्या तेव्हाच इशापूरची वीबी हिंदी शिपायांच्या हाती येऊ लागली होती. दोन्ही बंदुका दिसावयास बहिणी-बहिणी; वायूचा दट्ट्या तोच, उचलला जाणारा बोल्ट तोच, वरचे वाकडे मॅगझिन तेच. पुढे दुसऱ्या महायुद्धात इशापूरमध्येही ब्रेन होऊ लागली व वीबी हळूहळू मागे पडली. वीबीचेच एक चपळ भावंड, मिनिटास सुमारे हजार गोळ्या झाडणारे, विमानांसाठी काढले होते. विमानांतून उतरल्यावर ते आफ्रिकेच्या वाळवंटात मोटारींवर चढले.

काडतुसांचा संबंध तर आपल्या महाराष्ट्राशीच आहे. पुण्याजवळ खडकी येथील दारूगोळ्याचा कारखाना सन १८६९ पासूनचा. तेथील .३०३ काडतुसाच्या पितळी बुडावर 'के' व 'एफ' ही रोमन अक्षरे ठोकलेली असत: किरकी फॅक्टरी. ती अक्षरे आम्ही प्रथम पाहिली ती पुस्तकात नव्हे.

आमच्या लहानपणी, पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका गावी आमच्या आजोळच्या शेजारी एक वृद्ध पेन्शनर राहत. गाव त्यांस आबा म्हणे. ते मराठा पलटणीत होते. बेळगावास भरती होऊन शिकले, व पुढे इटलीत लढले. त्यांच्या देवळीत हळदीकुंकवाच्या डब्याशेजारी एक रिकामे पितळी टरफल असे. बेळगावच्या चांदमारीवरून ते आणलेले. खंडेनवमीस त्यास झेंडूचे फूल वाहत. एकदा त्यांनी ते आमच्या हाती देऊन बुडावरची अक्षरे वाचावयास लावली होती.

आबा बंदूक चालविणारे नव्हते, 'नंबर दोन' होते. हलकी मशीनगन एका मनुष्याची नसते, हे आम्हांस त्यांच्याकडून कळले. नंबर एक चाप ओढतो. नंबर दोन त्याच्या डाव्या अंगास पडून राहतो, रिकामे मॅगझिन काढतो, भरलेले बसवितो, नळी तापली की बदलतो, आणि पर्यायी नळी व काडतुसांचे ओझे वाहतो. "वीबी आमची, ब्रेन पाव्हणी," असे ते म्हणत. शिकले एकीवर आणि लढले दुसरीवर. "नळी लाल हुईस्तवर मारायची नसती पोरा," असे सांगून ते जमिनीवर बोट आपटून दाखवीत, "तीन-चार गोळ्या, मग दम खायाचा. मग पुन्यांदा तीन-चार. सलग मारतो त्यो घाबरलेला असतो." ब्रेनच्या मॅगझिनमध्ये तीस काडतुसे मावत, पण शिपाई अठ्ठावीसच घालीत, कारण स्प्रिंगेवर ताण नको, हेही त्यांचेच सांगणे, आणि पुढे पुस्तकांतूनही तेच आमच्या वाचनात आले. त्यांच्या उजव्या तळहातावर बोटभर रुंदीचा एक गुळगुळीत चट्टा होता. ब्रेनच्या नळीस ती बदलताना धरण्यासाठी लाकडी मूठ असते. एके रात्री अंधारात ती मूठ हातास लागली नाही, नळी लागली.

आम्ही आठ-नऊ वर्षांचे असू. एके दिवशी आम्ही त्यांस विचारले, "आबा, तुम्ही किती मारले?" ते काही बोलले नाहीत. उठले, टरफल देवळीत ठेवले आणि गोठ्याकडे निघून गेले. त्यानंतर पुष्कळ दिवस त्यांनी आम्हांस हाक मारली नाही. त्यांचा नंबर एक शेजारच्याच गावचा होता व तो इटलीतून परतला नाही, हे आम्हांस आमच्या आजीने नंतर सांगितले. दर दिवाळीस आबा त्या गावी जाऊन त्याच्या आईस लुगडे देऊन येत, ती माउली असेपर्यंत.

इटलीतील त्या लढायांची एक हकीकत मात्र अधिकृत कागदोपत्री नमूद आहे. त्या वेळच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे पाचव्या मराठा रेजिमेंटच्या तिसऱ्या पलटणीत होते. १० जुलै १९४४ रोजी तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून शत्रूच्या मशीनगनीचा मारा झाला आणि त्यांच्याखेरीज तुकडीतील प्रत्येक मनुष्य मेला किंवा जखमी झाला. सोबत कोणी उरले नाही हे पक्के ठाऊक असता ते एकटे त्या मशीनगनीवर धावून गेले. प्रथम हातबॉम्ब टाकून त्यांनी ती बंद पाडली, नंतर आपल्या टॉमीगनने तेथील एकास मारले. तेवढ्यात मॅगझिन रिकामे झाले. ते बदलण्यास सवड नव्हती. म्हणून टॉमीगन नळीकडून धरून, तिच्या दस्त्याचे घाव घालून त्यांनी उरलेल्या दोघांस पाडले. नंतर दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत व पाठीत लागून, जिंकलेल्या त्याच ठाण्यावर त्यांनी देह ठेवला. त्यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढच्या वर्षी, ९ एप्रिल १९४५ रोजी, सेनिओ नदीवर त्याच रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीतील शिपाई नामदेव जाधव ह्यांनी दोघा जखमी साथीदारांस माऱ्यातून पाठीवर वाहून नेले आणि मग शत्रूची तीन मशीनगन-ठाणी गप्प केली. तेही व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी; ते मात्र घरी परतले.

घाडग्यांच्या हकीकतीतील "मॅगझिन बदलण्यास सवड नव्हती" हे शब्द आम्ही वर्गात दोनदा वाचतो. ५०० च्या वेगाने ३० काडतुसांचे मॅगझिन साडेतीन-पावणेचार सेकंदांत रिकामे होते. त्यानंतर दुसरे चढेपर्यंत ते यंत्र केवळ दहा किलोंचे लोखंड असते. आबांसारख्या नंबर दोनचे सारे शिक्षण त्या मुक्या क्षणांस लहान करण्यासाठी होते.

आता मूळ प्रश्नाचे उत्तर. एका .३०३ काडतुसाचे वजन सुमारे २५ ग्रॅम धरा. मिनिटास ५०० झाडावयाची म्हणजे साडेबारा किलो. ह्याचा अर्थ असा, की हलकी मशीनगन एका मिनिटात स्वतःच्या वजनाहून अधिक काडतुसे खाते! आबांच्या पद्धतीने दम खात मारले तरी एका तासास बैलाच्या पाठीवरील ओझे सहज लागेल. पन्हाळ्याच्या तटावर वीबी ठेवली, तरी वेढ्यातून खडकीची काडतुसे कोठून येणार? इशापूरची पर्यायी नळी कोण आणणार? अंबरखान्यात धान्य साठविता येत होते. काडतुसे साठवून किती दिवस पुरली असती, ते विद्यार्थ्यांनीच मांडून पाहावे.

दुसरे असे, की यंत्र एका बाजूस आले की ते दुसऱ्या बाजूसही येते. सन १६६० च्या वेढ्यातील नव्या जातीचे शस्त्र मुळी गडावर नव्हतेच, ते वेढा घालणाऱ्याकडे होते. राजापूरच्या वखारीचा हेन्री रेव्हिंग्टन हा इंग्रज आपल्या उखळी तोफा व स्फोटक गोळे घेऊन जौहराच्या मदतीस आला आणि आपले निशाण लावून त्याने पन्हाळ्यावर मारा केला. महाराज जुलैच्या पावसाळी रात्री निसटले ते तोफांच्या बळावर नव्हे. आणि घोडखिंडीत बाजीप्रभूंनी वाट रोखून धरली ती ढाल-तलवारीने व खिंडीच्या अरुंदपणाने. गड स्वतः पुढे सप्टेंबरात आदिलशाहीकडे गेला. राजापूरच्या इंग्रजांस ह्या उपद्व्यापाचे फळ १६६१ मध्ये मिळाले. वखार लुटली गेली आणि रेव्हिंग्टनसुद्धा कैदेत पडला.

"पण सर, गडावर पुरेशा मशीनगनी आणि काडतुसे असती तर?" असे तो विद्यार्थी विचारीलच. ह्याचेही उत्तर इतिहासात घडून गेले आहे. डिसेंबर १९१५ मध्ये मेसोपोटेमियातील कुत येथे जनरल टाउनशेंडची सहावी, म्हणजे पुण्याची, डिव्हिजन तुर्कांच्या वेढ्यात सापडली. तीत १०३, ११० व ११७ ह्या तीन मराठा पलटणी होत्या. त्यांच्यापाशी मशीनगनी होत्या, तोफा होत्या. तुर्कांचे हल्ले त्यांनी परतविलेही. वेढा सुमारे पाच महिने चालला. अखेरीस घोडी व खेचरे कापून खावी लागली, तीही संपली, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी भुकेने पिचलेल्या सैन्याने शस्त्रे खाली ठेवली. तेव्हा त्या मुलास आमचे उत्तर असे: तटावर मशीनगन असती तर पहिल्या दिवशी जौहराची पुष्कळ माणसे मेली असती, दुसऱ्या दिवसापासून तो तिच्या टप्प्याबाहेर तळ देऊन बसला असता, आणि वेढा चार महिनेच चालला असता, कदाचित थोडा अधिकही.

हा पाठ वर्गात झाला त्या दिवशी आम्ही ते टरफल बरोबर नेले होते. आबांच्या मागे त्यांच्या सुनेने ते आमच्याकडे दिले आहे. ते बाकावरून बाकावर फिरले. मागच्या बाकावरील एका मुलीने ते उजेडात धरून बुडावरची अक्षरे वाचली. मग तोंडाशी नेऊन फुंकले, तो शिटी वाजली. सगळा वर्ग हसला. तिने विचारले, "सर, ह्यातली गोळी कुठे गेली?" चांदमारीच्या मातीच्या बांधात, असे आम्ही सांगितले. तिने टरफल पुसून पुढच्या बाकावर दिले.